पर्यावरणाचा पेपर वेगळा काढून काय होणार?

सबमिशनचा आठवडा चालूये. परवा एन्व्हायर्नमेंटच्या फायली तपासत बसले होते. 'आमच्या गावच्या ओढ्याची पाहणी' या नावाच्या सात फायली निघाल्या, सातही पोरांची गावं वेगळी आणि ओढ्याचा फोटो मात्र एकच. पोरांचा राग नाही आला, वाईट वाटलं. कारण हा विषय असा सहजासहजी कॉलेजात आलेला नाही. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं पर्यावरण शिकवा म्हणून, तरी हललं नाही काही, २००३ मध्ये कोर्टाला परत बोलावं लागलं तेव्हा कुठे यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, सहा महिन्यांचा सक्तीचा कोर्स आला. पुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं. त्यात फील्ड वर्कसुद्धा होतं हो, पोरांनी बाहेर पडून नदी, टेकडी, कचरा डेपो बघावा म्हणून. आपण त्याची फाईल करून टाकली.

मी सिव्हिलला काँक्रीट शिकवते. माझं मत सरळ आहे, हा विषय शेवटच्या तासाला वेगळा शिकवून पोरांच्या अंगी लागत नाही, तो मेन विषयाच्या गणितात यायला हवा.

या वर्षी मिक्स डिझाईनचं, म्हणजे काँक्रीटमध्ये काय किती घालायचं त्याचं, नेहमीचं गणित दिलं आणि खाली एकच ओळ वाढवली, या स्लॅबचा कार्बन किती ते काढा. हजार स्क्वेअर फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास १२ घनमीटर काँक्रीट, घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर ८४ गोण्या. साधं ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं सिमेंट, वापरलं तर ते बनवताना किलोमागे साधारण ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका घराच्या एका स्लॅबला साडेतीन टन! वर्गात एकदम शांतता. मग तेच गणित ३० टक्के फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख, मिसळलेल्या पीपीसी सिमेंटवर करायला लावलं, आयएस कोड (भारतीय मानक) ३५ टक्क्यांपर्यंत परवानगी देतो, तर टनभर कमी झाला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा औष्णिक केंद्राजवळच्या गावचा, कधी तोंड न उघडणारा. तो म्हणाला, "मॅडम, ही राख आमच्याकडं वाळत घातलेल्या कपड्यांवर बसती, ती स्लॅबमधी चालती?" पुढचा अख्खा तास त्याच्या प्रश्नावर गेला. चालते, पण सुरुवातीला ताकद हळू येते, सेंट्रिंग म्हणजे स्लॅबखालचा आधार जास्त दिवस ठेवावा लागतो, क्युरिंगला, म्हणजे पाणी मारायला, कंटाळा करून चालत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरला सेंट्रिंगच्या प्लेटा लवकर पुढच्या साईटवर न्यायच्या असतात. कार्बन, पैसा, मिस्त्रीची घाई सगळं एकाच गणितात आलं की नाही?

आणि हे फक्त सिव्हिलचं नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने टॉपच्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट, सक्तीचा केलाय, त्यात पाणी, वीज, कचरा सगळ्याचा हिशोब द्यावा लागतो. मग बी.कॉमच्या पोराला तो अकाउंट्सच्या तासाला वाचायला का देऊ नये?

काही सहकारी म्हणतात सिलॅबस आधीच संपत नाही, त्यात हे कुठे घुसवू. खरं आहे त्यांचं, लोड मलापण आहे. पण मी नवीन युनिट नाही घातलं, जुन्या गणिताला एक ओळ जोडली. युनिव्हर्सिटीच्या पेपरात ती ओळ अजून नाही, म्हणून इंटर्नलला पाच मार्कांना ठेवलीये, सिलॅबस ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजला पत्रही दिलंय.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या घराचा स्लॅब याच महिन्यात टाकला. वडिलांनी मिस्त्रीशी वाद घालून सेंट्रिंग चार दिवस जास्त ठेवलं म्हणे.