हिरवा आहे ना, मग पाचूच!

हिरवा खडा घेऊन माझ्यापुढे येणाऱ्यांना तपासणी नको असते, दुजोरा हवा असतो. खडा पाचू आहे हे घरीच ठरलेलं; मी फक्त मान डोलवायची. पंचाईत अशी की रत्नांच्या दुनियेत हिरव्या रंगाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. पेरिडॉट, टूर्मलीन, त्सावोराइट, फ्लोराइट सगळे हिरवे. नीलमसुद्धा हिरवा सापडतो. काचेचं तर विचारूच नका.

म्हणून रंग राहू दे बाजूला, आधी दहापट भिंग. आत गोल बुडबुडे दिसले की काचेचा संशय धरायचा. खडा तिरका फिरवल्यावर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या, तर बहुधा पेरिडॉट. त्याचं दुहेरी अपवर्तन, म्हणजे प्रकाशकिरण दोनांत फोडण्याचं माप, ०.०३६; पाचूचं जेमतेम ०.००६. झिरकॉनही हाच चाळा करतो, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो तो आकडा (अपवर्तनांक) दाखवणारं उपकरण, काढावाच लागतो.

इथे खरी करमणूक. उपकरणाची काच आणि खडा यांच्यामध्ये घालायच्या द्रवाचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढा पुरतो; उत्साही मंडळी डबकं करतात, खडा त्यात तरंगतो आणि आकड्याची रेघ पुसट होते. खडा ओढायचा नाही, उपकरणाची काच मऊ असते. आकडा १.५७ ते १.५९च्या आसपास आला तर बेरिल, म्हणजे पाचू ज्या खनिजाचा एक प्रकार आहे ते. टूर्मलीन १.६२–१.६४, पेरिडॉट १.६५–१.६९, त्सावोराइट १.७४ आणि तिथे रेघ एकच, कारण त्यात प्रकाश दोनांत फुटत नाही. डेमँटॉइड हा हिरवा गार्नेट १.८८ म्हणजे मापाबाहेर. तेव्हा दिसते ती द्रवाची स्वतःची १.८१ची रेघ, आणि नवखा तीच खड्याच्या नावावर टिपून मोकळा होतो.

बेरिल ठरलं की समोरचा पेढे वाटायच्या बेतात. थांबा! हिरवेपणा क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा असेल तरच पाचू. नुसत्या लोहाचा असेल तर ते हिरवं बेरिल, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. तेच लोह अक्वामरीनला निळं आणि हेलिओडोरला पिवळं करतं. हिरवट अक्वामरीन ४०० अंशांच्या पुढे तापवलं की पिवळी झाक जाऊन निळं उरतं. मँगनीज असलं की गुलाबी मॉर्गनाइट. १९१० साली रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ यांनी ते नाव बँकर जे. पी. मॉर्गन यांच्यावरून सुचवलं. युटातलं लाल बेरिलही मँगनीजचंच. रंगहीन ते गोशेनाइट. आणि मॅक्सिक्स नावाचं गर्द निळं बेरिल उन्हात फिकं पडतं, तेव्हा ते विकत घ्यायच्या आधी विचार करावा.

काही जण चेल्सी फिल्टर, म्हणजे खडा ज्यातून बघायचा ती रंगीत गाळणी, खिशातच बाळगतात. त्यातून लाल दिसला की पाचू, हा त्यांचा वेद. पण झांबियाचे लोहयुक्त पाचू पुष्कळदा हिरवेच राहतात आणि प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू झगझगीत लाल दिसतो. मोठा, स्वस्त आणि आतून निर्मळ खडा दिसला की मला आधी धास्तीच वाटते. नैसर्गिक पाचूच्या पोटात भेगा आणि कचरा असायचाच. काचेवर ओरखडा काढून बघणाऱ्यांना तर हात जोडावेत: काच क्वार्ट्झनेही ओरखडते, भेगाळ पाचूचा मात्र टवका उडतो.

या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं. म्हणून धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ वर्ज्य. हे सांगूनही कुणीतरी खडा यंत्रात टाकतोच. तेल निघून जातं, भेगा उघड्या पडतात आणि खडा तपासताना मीच तडकवला, अशी तक्रार येते.