सिडनी-सँटियागो विमान 'खोटं' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परत तोच फॉरवर्ड फिरायला लागलाय. म्हणे पृथ्वी सपाट आहे, आणि पुरावा काय तर ऑस्ट्रेलियातनं दक्षिण अमेरिकेला थेट विमान जातच नाही, वेबसाइटवर दिसतं ते नुसतं दाखवायला, साडेबारा तासांत एवढं लांब जाणं शक्यच नाही. बरं, एकेक घेऊ.

थेट विमान नाही? क्वांटास ही ऑस्ट्रेलियन विमान कंपनी 2012 पासून सिडनी ते चिलीतलं सँटियागो थेट नेतंय, कोविडमधला खंड सोडला तर. आधी बोइंग 747 विमान, आता बोइंग 787. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ट्रॅकर वेबसाइटवर ते समुद्रात मधेच गायब होतं ही तक्रारही आहेच, अहो पण सिग्नल पकडणारे रिसीव्हर जमिनीवर असतात, त्यांची रेंज काहीशे किलोमीटर, पॅसिफिकमधे ते कोण लावणार?

आता अंतर, खरी गंमत इथेच आहे. गोल पृथ्वीवर सिडनी-सँटियागो साधारण 11,350 किमी. साडेबारा तासांनी भागा, ताशी 900 च्या आसपास येतं, जेट विमानाचा रोजचा वेग. आता सपाट पृथ्वीवाल्यांचाच नकाशा घ्या, उत्तर ध्रुव मधोमध आणि बाकी सगळं थाळीसारखं भोवती पसरलेलं, त्यावर हेच अंतर 25,000 किमीच्या वर जातं. मग तेवढ्याच वेळात पोचायला ताशी 2,000 किमी लागतील, म्हणजे जवळजवळ कॉन्कॉर्ड (आवाजापेक्षा जोरात उडणारं जुनं प्रवासी विमान), आणि कॉन्कॉर्डला तर 7,000 किमीच्या पुढे इंधन पुरायचं नाही. म्हणजे अशक्य आहे ते त्यांच्या नकाशावर!

पुढचा मुद्दा, पृथ्वी पूर्वेकडे फिरते तर पूर्वेला जाताना सँटियागो पुढे पळायला पाहिजे, मग जाताना साडेबारा आणि येताना 14 तास असं उलटं कसं? हवा पृथ्वीबरोबरच फिरते हो, धावत्या एसटीत शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या सीटवर जाऊन पडतो का? फरक पडतो तो वाऱ्याने. तिथे वरच्या हवेत पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, जाताना पाठीमागून ढकलतात, येताना समोरून अडवतात. मुंबई-लंडनवाल्यांना विचारा, तिकडे जाताना वेळ जास्त, येताना कमी, कारण तेच.

तिकिटावर म्हणे निघण्याच्या आधीच पोचल्याची वेळ असते, ते तर अगदीच सोपं. सिडनीहून दुपारी 12 ला निघालात आणि साडेबारा तास उडालात तर सिडनीत रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, पण सँटियागो बहुतेक वर्षभर 14 तास मागे, म्हणजे तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेदहा. मधे तारीखरेषा ओलांडली की असंच होणार, यात लपवाछपवी कसली.

राहिलं अंटार्क्टिका, म्हणे विमानं तिकडून जात नाहीत कारण 'तिकडे जायला बंदी आहे' वगैरे. सिडनी-सँटियागोचा सगळ्यात जवळचा रस्ताच अंटार्क्टिकाच्या दिशेने 62 अंश दक्षिणेपर्यंत खाली जातो, वारा बघून कधी आणखी खाली. अडचण आहे ती आजूबाजूला विमानतळ नसण्याची. दोन इंजिनांच्या विमानाला एक बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात कुठेतरी उतरता आलं पाहिजे असा नियम आहे, म्हणून आधी तिथे चार इंजिनांचं 747 होतं, दोन इंजिनांच्या 787 ला विमानतळापासून 330 मिनिटांपर्यंत लांब उडायची मंजुरी 2014 मधे मिळाली.