क्वाउतेमोकचं नाणं पाचशे वर्षं जुनं नाही, आणि ते घासू तर अजिबात नका

मेसेज असा फिरतोय: "अ‍ॅझ्टेक सम्राट क्वाउतेमोक याचं ५०० वर्षांपूर्वीचं शुद्ध चांदीचं नाणं. १९४८ सालचं असेल तर अतिदुर्मीळ. चुंबक चिकटला नाही की अस्सल समजा. काळं पडलं असेल तर चिंच-मीठ लावून घासा, चकचकीत नाण्याला दुप्पट भाव." काल तो मेव्हण्याकडून आला, खाली प्रश्न: "घेऊ का?" म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतो.

पाचशे वर्षांपूर्वीचं आणि वर १९४८ सालचं! एकाच मेसेजात दोन्ही लिहिताना कुणाची बोटं अडखळली नाहीत. अ‍ॅझ्टेकांकडे (स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोवर सत्ता असलेल्या लोकांकडे) नाणीच नव्हती. बाजारात कोकोच्या बिया आणि सुती कापड चालायचं. (बनावटगिरी तेव्हाही होतीच, टरफलात माती भरून बिया खपवायचे.) क्वाउतेमोक १५२१ मध्ये स्पॅनिशांच्या हाती लागला आणि १५२५ मध्ये स्पॅनिश सेनापती कोर्तेसनं त्याला फासावर चढवलं. मेक्सिकोतली टांकसाळ स्थापन झाली १५३५ मध्ये, म्हणजे तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर. नाण्यावरचा चेहराही विसाव्या शतकातल्या कलाकाराच्या कल्पनेतला आहे, कारण त्याला समोर बसवून काढलेलं चित्र उपलब्ध नाही.

मेसेजातलं खरं नाणं म्हणजे मेक्सिकोचं ५ पेसो, १९४७ आणि १९४८ अशी दोनच वर्षं निघालेलं. वजन ३० ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर, चांदी ९०० टंच (हजारात ९०० भाग), बाकी तांबं. म्हणजे "शुद्ध" नाही, पण चांदी भरपूर आहे, एवढं मेसेजवाल्याला नाइलाजानं द्यावं लागेल. आत २७ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीचा किलोचा भाव हजारानं भागा, सत्तावीसनं गुणा, चांदीची किंमत हातात येते. कुणी याच्या पाचपट मागत असेल तर कशाचे, ते त्यालाच विचारा.

"दुर्मीळ" या शब्दाचा निकाल एका आकड्यात लागतो. क्राउझच्या नाण्यांच्या जागतिक कॅटलॉगात हे नाणं केएम ४६५ या क्रमांकाखाली आहे. १९४७ ची नाणी ५१ लाख १० हजार, १९४८ ची २ कोटी ६७ लाख ४० हजार. मेसेजनं नेमकं जास्त निघालेलं साल "अतिदुर्मीळ" ठरवलंय! १९४७ चं त्या मानानं कमी मिळतं, तेही पन्नास लाखांवर निघालेलंच. ज्याला खरंच जास्त पैसे मिळतात ते अगदी न वापरलेलं, गालाच्या उंच भागावर झीज नसलेलं नाणं.

चुंबकाची चाचणी फक्त एवढंच सांगते की नाणं लोखंडी नाही. पितळ, तांबं, तांबं-निकेल, कशालाच चुंबक चिकटत नाही. टंच मशीनही पृष्ठभागच वाचतं, जाड मुलामा असेल तर फसतं. आणि सराफाला कस लावू देऊ नका, तो ओरखडा कायमचा.

त्यापेक्षा घरी पाण्यात वजन करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरातला चालणार नाही. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्यानं भागा. ९०० टंचाला उत्तर १०.३ च्या आसपास येतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या नाण्याला काटा २.९ दाखवतो. ३.३ किंवा ३.५ आला तर तांबं-निकेल किंवा पितळ असण्याचा संशय घ्या. मात्र नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले किंवा नाणं तळाला टेकलं तर आकडा फुगतो आणि अस्सल नाणंही नकली ठरतं, म्हणून हलकेच हलवून दोनतीनदा मोजा.

आता सगळ्यात घातक सल्ला, घासायचा. टांकसाळीत ठसा बसताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिबारीक रेषा उमटतात. नाणं उजेडात फिरवलं की झळाळी चाकासारखी फिरते ती त्यांच्यामुळेच. मिठाचे खडे त्या रेषा खरवडून टाकतात, मग कितीही चमकवा, ती झळाळी परत येत नाही. जाणकार भिंगातून एकाच दिशेचे ओरखडे पाहतो आणि भाव उतरवतो. सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं काळेपणा जातो खरा, पण नाणं निर्जीव, पांढुरकं दिसतं. तो काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक मिळून बनलेला पातळ थर आहे, तसाच राहू द्या. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आलेला हिरवट चिकटा मात्र काढायलाच हवा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा (नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये नको), उघड्या खिडकीशी, गॅसपासून लांब, आणि पुसू नका, आपोआप सुकू द्या. त्या पाकिटात पुन्हा ठेवू नका.

मेसेजमधल्या फोटोंत तीन-चार नाणी एकत्र दिसतात, त्यांचंही सांगतो. क्वाउतेमोकचं ५० सेंटाव्होचं (अर्ध्या पेसोचं) नाणं १९५०-५१ मध्ये ३०० टंच चांदीत निघालं, ६.६६ ग्रॅमचं, आत जेमतेम २ ग्रॅम चांदी. १९५५ ते ५९ मधलं कांस्याचं आणि १९६४ नंतरचं तांबं-निकेलचं, त्यात चांदीचा कणही नाही. फोटोतला चेंडू खेळणारा माणूस राजा नाही, ते १९६८ च्या ऑलिम्पिकचं २५ पेसो, ७२० टंच, २२.५ ग्रॅम. मेक्सिकोच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर बहुधा 'लेइ' (LEY) म्हणजे टंच आणि त्यापुढे आकडा कोरलेला असतो, तो वाचा आणि मग पाकिटाला हात घाला.