ओकावांगोचं पाणी ‘वाया’ जात नाही

बोत्स्वानाच्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशाबद्दल हमखास सांगितलं जातं की तिथलं 95 टक्क्यांहून जास्त पाणी वाफ होऊन फुकट जातं. कोकणातल्या नद्यांचं पाणी समुद्रात वाया जातं असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे लगेच पटतं. आकडा बरोबर आहे. ‘फुकट’ हा शब्द साफ चुकीचा आहे.

पाऊस पडतो अंगोलात. तिथून दोन नद्या येतात. कुबांगो पावसाबरोबर झटकन फुगते. क्वितो कलहारीच्या वाळूतून, पाणथळीतून मुरत येते आणि कोरड्या महिन्यांत प्रवाह तीच टिकवते. नामिबियाच्या सीमेवर दोघी एक होतात आणि ओकावांगो म्हणून पोपाचे खडक उतरून मोहेंबोला बोत्स्वानात शिरतात. वर्षाला सरासरी 9 ते 10 घन किलोमीटर पाणी, म्हणजे 320 ते 350 टीएमसी. कोयना धरणाच्या तिपटीहून जास्त. हे पाणी समुद्राला मिळतच नाही, भूस्तरभंगांमुळे खचलेल्या सखल भागात पसरतं. मोहेंबोला पूर एप्रिलच्या सुमारास शिगेला पोचतो, पण अडीचशे किलोमीटरमध्ये उतार जेमतेम 60 मीटर, त्यामुळे खालच्या टोकाच्या मौन या गावाला पाणी वाढायला जून ते ऑगस्ट उजाडतो. तेव्हा तिथे पावसाचा थेंब नसतो.

आता क्षारांचं बघा. एवढं पाणी उडून गेल्यावर तिथे मिठागर व्हायला हवं होतं. होत नाही, कारण हजारो बेटांच्या काठावरची झाडं मुळांनी पाणी ओढतात. बेटाखालची भूजलपातळी खाली जाते, भोवतालचं पाणी आत झिरपतं आणि क्षार घेऊन येतं. कॅल्साइट आणि सिलिका काठाशी साचून बेट हळूहळू उंचावतं. सोडियमचे क्षार मध्यभागी गोळा होतात, तिथे तुरळक खारं गवत सोडलं तर काही उगवत नाही. बाहेरचं पाणी गोड राहतं ते या झाडांमुळे. झाडांच्या बाष्पोत्सर्जनात जाणारं पाणी ‘वाचवायचं’ म्हणून झाडं कमी केली, तर क्षार पाण्यातच राहतील.

वाळूकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. मोहेंबोचं पाणी नितळ दिसतं, कारण गाळ थोडा आणि वाळू तळाशी सरकत येते. पात्राचे काठ पपायरसचे, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या उंच लव्हाळ्याचे. त्यातून पाणी बाजूला पाझरतं, वाळू पात्रातच राहते. तळ चढतो, वेग मंदावतो, पपायरस पात्र बुजवतं, मग पाणी दुसरी वाट शोधतं, पुष्कळदा पाणघोड्यांनी रुळवलेली. पश्चिमेचा ताओगे फाटा एकोणिसाव्या शतकात असाच मेला आणि लिव्हिंगस्टन या प्रवाशाने 1849 मध्ये पाहिलेलं एन्गामी सरोवर आटत गेलं. जुन्या भागातलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, वाळून जळतं, बेटांवरचे क्षार पावसाने खाली धुऊन जातात. जमीन पुन्हा तयार होते.

म्हणूनच वरच्या अंगाला होणाऱ्या धरणांना माझा ठाम विरोध आहे. पाणी थोडंच अडवणारा बंधारासुद्धा वाळू अडवतो. ‘तळाला दरवाजे ठेवू, वाळू सोडून देऊ’ हे उत्तर कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात वाळू जलाशयाच्या वरच्या टोकाला बसते, दरवाजांपासून दूर. पुराच्या दिवसांत पातळी पूर्ण खाली आणल्याशिवाय ती हलत नाही, आणि नेमकी तेव्हाच वीज हवी असते. पोपाजवळच्या वीजप्रकल्पाच्या प्रस्तावात खरा अडसर हाच होता. वाळू थांबली की पात्रं बदलायची थांबतील, पाणी वर्षानुवर्षं त्याच जागी राहील आणि क्षार धुतले जाणार नाहीत.

खालून ओरबाडणंही तितकंच वाईट. ओरापाच्या हिऱ्यांच्या खाणीला आणि मौनला पाणी देण्यासाठी त्रिभुज प्रदेशातल्या बोरो फाट्याचा खालचा भाग खोदून खोल करायची योजना लोकांच्या विरोधामुळे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबली, ते योग्यच झालं.

अंगोला आणि नामिबियाला पाणी लागणारच, त्यांचा हक्क आहे. पण ते पुराच्या महिन्यांत थेट उपसावं आणि साठा पात्राबाहेर करावा. क्वितोवर कोरड्या महिन्यांत उपसा टाळावा. तिन्ही देशांचा 1994 पासूनचा कायमस्वरूपी नदी आयोग आहे. त्याने वाटपाच्या प्रत्येक चर्चेत पाण्याच्या आकड्याशेजारी मोहेंबोला येणाऱ्या वाळूचा आकडाही मांडायला हवा.