दार लावा!

आमच्या घरात सध्या कोणी कोणाला 'जेवलीस का' असं विचारत नाही. 'दार लावलंस का' असं विचारतात. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली की आतून तीन आवाज एकदम येतात, "दार!" त्या बिचाऱ्याला वाटतं, कोणीतरी उघडायला निघालंय. तो पिशवी धरून उभाच राहतो. आम्ही ओरडत असतो ते बेडरूमच्या दारासाठी, कारण बेडरूममध्ये अबोली असते आणि हॉलमध्ये शेवंती. दोघी सख्ख्या बहिणी. म्हणजे जुलैपर्यंत होत्या.

हे ससे आमच्या धाकट्या दिरांची भेट. बदलापूरला त्यांच्या शेजाऱ्यांकडे सशीण व्यायली, त्यातली दोन पिल्लं भाऊजींनी खोक्यात घालून लोकलने लालबागला आणली. "दोन्ही मुलीच आहेत वहिनी, मी स्वतः उलटं करून बघितलंय." भाऊजी सिव्हिल इंजिनिअर आहेत. माणूस इतक्या ठामपणे सांगतोय म्हटल्यावर आम्ही विश्वास ठेवला आणि मनवाने फुलांची नावं ठेवली.

साडेतीन महिन्यांच्या झाल्यावर अबोली शेवंतीभोवती गोल गोल फिरायला लागली. फिरताना घशातून बारीक गुंइं असा आवाज, मिक्सर लांबच्या खोलीत चालू असावा तसा. "खेळतायत गं," सासूबाई म्हणाल्या. खेळ दिवसेंदिवस एकतर्फी व्हायला लागला तेव्हा आम्ही दोघींना पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अबोलीला मांडीवर उताणं घेतलं, अंगठ्याने जरा दाबलं आणि पेन काढून केसपेपरवर 'फिमेल' खोडलं.

"पण आधी तर काही दिसत नव्हतं," मंदार म्हणाला. भावाची अब्रू राखायचा त्याचा तो शेवटचा प्रयत्न.

दिसतच नाही म्हणे. सशाच्या गोट्या दहा-बारा आठवड्यांनी खाली उतरतात, आणि उतरल्यावरही घाबरला की तो त्या परत आत ओढून घेऊ शकतो. बदलापूर-करी रोड एवढा लोकलचा प्रवास केल्यावर कोणी घाबरणार नाही? मग डॉक्टरांनी उरलेली माहिती दिली. दिवस भरायला महिनाभर, साधारण 31 दिवस. व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. आणि तिला पाळीबिळी काही नसते, नराशी संबंध आल्यावरच बीज सुटतं, त्यामुळे अमुक दिवस सुरक्षित असा प्रकारच नाही.

सासूबाईंना हे घरी येऊन सांगितलं. त्यांनी सार काढलं, "म्हणजे मुहूर्त लागतच नाही."

त्यांना खरा धक्का वेगळाच होता. "पण ती सख्खी भावंडं ना?" प्राण्यांना नाती कळत नाहीत, मी म्हटलं. आपल्याकडे सगोत्र म्हणून चांगली चांगली स्थळं परत गेली, इथे तर सहोदर! पिल्लं झाली तर आई आणि बाप दोघांकडचे दडलेले दोष एकत्र यायची भीती. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, वरचे-खालचे एकमेकांवर घासले गेले तरच ते आटोक्यात राहतात. जबड्याची ठेवण वाकडी निघाली की दात सुळ्यांसारखे बाहेर येतात आणि जन्मभर कापत बसावे लागतात. सासूबाईंनी यावर उपाय काढला. नारळी पौर्णिमेला शेवंतीकडून अबोलीला राखी बांधायची. बांधली. अबोलीने ती गोंड्यापासून खायला सुरुवात केली आणि जरीचा दोरा आम्ही तिच्या (त्याच्या! अजून जीभ वळत नाही) तोंडातून ओढून काढला.

त्याच आठवड्यात मनवाने फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं कोडं आणलं. 1202 सालचं. सशांची वयात आलेली एक जोडी, दर महिन्याला एक नवी जोडी देते, नवी जोडीही महिन्याची झाली की वयात येते आणि पुढे तेच करते, एकही मरत नाही. वर्षाअखेर किती? 377 जोड्या. मंदारने लगेच मोबाइलवर हिशोब मांडला. 754 ससे, आमचं घर 420 चौरस फूट, म्हणजे चौरस फुटाला पावणेदोनच्या वर. एवढी दाटी संध्याकाळच्या विरार लोकललाही नसेल. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पण ती सगळी एकाच आईबापाची ना? मग त्यांची लग्नं कोणाशी लावली?" मी गणित घेऊन बीएस्सी झाले, पण एकाही सरांनी हा प्रश्न काढलेला मला आठवत नाही.

तर वेगळं ठेवणं. लालबागमध्ये वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे लालबागमध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही. आधी हॉलमध्येच जाळीची भिंत घातली, दोन फुटांची. अबोली उभ्या उभ्या पलीकडे. साडेतीन फुटांची घातली, तर दोघं जाळीला चिकटून बसायला लागले, आणि डॉक्टर म्हणाले की जाळीतूनही जमवतात. शेवटी एकाला बेडरूम देणं भागच पडलं. पण एसी बेडरूममध्येच, आणि सशांना उकाडा सोसत नाही, पारा तिशीपलीकडे गेला की धापा टाकतात. मग पाळ्या लावल्या. पहिली पाळी अबोली, दुसरी पाळी शेवंती, बाहेर असेल त्याच्या शेजारी बर्फ केलेली बिसलेरीची बाटली. पाळी बदलताना एक जण बाथरूममध्ये कोंडून ठेवायचा. मी आणि मंदार हॉलमध्ये, सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी गादी टाकून.

"आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं होतो," सासूबाई अंधारात म्हणाल्या. सासरे गिरणीत होते, ही इमारत व्हायच्या आधी इथेच त्यांची चाळ होती. "तीन पोरं त्याच खोलीत झाली. आम्हाला कोणी पाळी लावून खोली दिली नव्हती."

यावर आम्ही दोघं झोपल्याचं सोंग केलं.

ऑगस्टमध्ये अबोलीचं ऑपरेशन झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नाही, सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ("माझ्या मोतीबिंदूला मात्र चहासुद्धा दिला नव्हता.") मी कपाटातले पेढे काढायला गेले तेवढ्यात मंदारने केसपेपरची मागची बाजू वाचून दाखवली. ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे नर पिल्लं देऊ शकतो. आधीची शिल्लक असते. मी कालनिर्णयवर सहा आठवडे मोजून लाल गोल केला. त्या गोलाच्या बरोबर मध्ये गणपती येत होते.

गणपतीत लालबागमध्ये दार लावून दाखवा.

सोळावा दिवस. घरात बावीस माणसं, रस्त्यावर ताशा, आम्ही सगळे आरतीला डोळे मिटून. बेडरूमच्या दारावर मनवाने पाटी लावली होती, पण भाऊजींचा चिरंजीव पाच वर्षांचा, त्याला वाचता येत नाही. मी डोळे उघडले तेव्हा पाटाखाली शेवंती दूर्वांची जुडी चघळत होती आणि तिच्या मागे अबोली. "तिला एकटीलाच दूर्वा का?" पुतण्याने नंतर खुलासा केला. मी टाळ टाकून धावले. पण सशांचं हे काम मोजून सहा-सात सेकंदांचं. नवी जोडपी घरात जागा नाही म्हणून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तास तास काढतात, आणि इथे बावीस माणसांत, आरतीच्या एका कडव्यात उरकलं. अबोली बारीक किंचाळून धप्पकन कुशीवर पडली. मग उठून तीसुद्धा दूर्वा खायला लागली.

आता दुसरा गोल, 31 दिवसांचा. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी पोट चाचपलं. गर्भ असले तर द्राक्षांसारखे हाताला लागतात, पण शेवंतीने पोट इतकं आवळून धरलं की तेही खात्रीने सांगेनात. सतराव्या दिवशी पहाटे मनवाने सगळ्यांना उठवलं. शेवंती छातीचे केस उपटत होती. तोंडात पांढऱ्या केसांचा झुबका, दोन्ही बाजूंना मिशीसारखं सुकं गवत, आणि ती पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जाऊन ते नीट दाबून बसवत होती. हात घातला तर आतून ऊबदार, सावरीच्या उशीसारखं.

"सातव्या महिन्यातलं दिसतंय," म्हणत सासूबाईंनी अळीव भिजत घातले.

डॉक्टर फोनवर हसले. सतराव्या दिवशी घरटं म्हणजे बहुतेक खोटं गरोदरपण, बीज सुटतं पण फळत नाही, शरीराला मात्र वाटतं की दिवस गेले. तरी आम्ही एकतिसावा दिवस जागून काढला. काही झालं नाही. अळिवाची खीर आम्ही खाल्ली. घरटं सासूबाईंनी टाकू दिलं नाही, ते अजून पलंगाखाली डब्यात आहे.

पुढे शेवंतीचंही ऑपरेशन झालं, कारण न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. अबोलीचा लाल गोल तर केव्हाच मागे पडला होता. एका रविवारी आम्ही समारंभपूर्वक बेडरूमचं दार उघडलं. मंदार मोबाइलवर शूटिंग घेत होता. शेवंतीने अबोलीकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या कानाचा लचका तोडायला धावली.

इतके दिवस वेगळे ठेवले की विसरतात म्हणे. आता पहिल्यापासून ओळख करून द्यायची, रोज थोडा वेळ, दोघांपैकी कोणाचाच हक्क नाही अशा जागी. अशी आमच्या घरात एकच जागा आहे. रोज संध्याकाळी मी बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसते, मध्ये मेथीची जुडी, एका कोपऱ्यात तो, दुसऱ्यात ती, दोघं एकमेकांकडे पाठ करून. काल शेवंती दोन पावलं सरकली. मी श्वास रोखून बसले होते, तेवढ्यात सासूबाईंनी दार ढकललं.

"अगं, किती वेळ? मला जायचंय."

"आई, दार!"