‘१६ अँपियरचा ट्रायॅक आहे, हीटसिंक कशाला?’

बोअरच्या मोटरचा रिले (कॉन्टॅक्टवर चालणारा स्विच) काढून ट्रायॅक (कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवा, असा एक मेसेज मोबाईलवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: एक एचपीची सिंगल फेज मोटर ७ अँपियर घेते, बीटीए१६ ट्रायॅक १६ अँपियरचा, म्हणजे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा तुकडा) नको. ट्रायॅकला इशारा देणारा एमओसी३०४१ झिरो क्रॉसिंगचा, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ असतानाच चालू करणारा, म्हणून स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) नको. आणि कॉन्टॅक्टच नाहीत, तर जळणार काय?

आधी हीटसिंकचं बघू. ते १६ अँपियर ट्रायॅकचं कवच ८५ अंशांच्या आसपास राखलं तरचे आहेत. सात अँपियरला या ट्रायॅकमध्ये सहा-साडेसहा वॅट उष्णता होते. हीटसिंक नसलेल्या या कवचाचं (टीओ-२२० म्हणतात त्याला) तापमान वॅटमागे साधारण ६० अंशांनी चढतं. गुणाकार करा, जवळजवळ ४०० अंश! आतल्या चिपची मर्यादा १२५. परभणीच्या मे महिन्यात उन्हातली पत्र्याची पेटी आतून सहज ६० अंशांवर जाते, म्हणजे हाताशी उरतात जेमतेम ६५. त्या पेटीत वॅटमागे ५ अंशांच्या आतच तापणारा हीटसिंक हवा, थर्मल पेस्ट लावून, आणि त्याच्या पट्ट्या पेटीबाहेर. आत बसवलात तर पेटीच तापणार.

शिवाय सात अँपियर हे चालू मोटरचे. सुरू होताना सहापट घेते, तेव्हा ट्रायॅकमध्ये ७० वॅटच्या वर जातात. रात्री लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम लागतात, व्होल्टेज बसतं, मोटर उचलायला वेळ घेते आणि हा मारा लांबतो.

झिरो क्रॉसिंग फक्त चालू करण्यापुरतं. बंद होताना ट्रायॅक करंटच्या शून्यावर सुटतो. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे असल्यानं त्या क्षणी व्होल्टेज शून्य नसतं, ते झटक्यात ट्रायॅकवर येतं आणि तो गेटवर (इशारा घेणाऱ्या पिनवर) इशारा नसतानाही पुन्हा चालू होतो. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट मेन्सवर लावायच्या जातीचा) कपॅसिटर असा स्नबर बऱ्याचदा पुरतो. नाहीतर स्नबरलेस, म्हणजे स्नबरशिवाय चालणाऱ्या जातीचा ट्रायॅक घ्या. एमओसी३०४१ तर ४०० व्होल्टचाच आणि आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५. सहाशेवाला एमओसी३०६३ घ्यावा.

‘जळणार नाही’ हे मला सगळ्यात खटकलं. ट्रायॅक मरताना बहुधा शॉर्ट होऊन मरतो. बटण बंद, मोटर चालूच. उन्हाळ्यात बोअर उचक्या देत असताना मोटर कोरडी फिरली तर खर्च ट्रायॅकचा नाही, मोटर वर काढण्याचा. आणि धड असला तरी बंद ट्रायॅक लाईन तोडत नाही: त्या स्नबरमधूनच सात मिलिअँपियर वाहतात. मोटरच्या वायरला हात लावण्याआधी एमसीबी पाडाच.

दिवसातून दोनदा लागणाऱ्या मोटरला कॉन्टॅक्टरच (मोटरसाठीचा दणकट रिले) बरा. कूलरच्या छोट्या पंपाला मात्र ट्रायॅक खुशाल लावा, स्नबरसकट. तिथे हीटसिंकही लागत नाही.