फ्लेक्स मशीन अचानक बंद पडतं, म्हणून लगेच मेन बोर्ड बदलू नका

मोठे बॅनर-पोस्टर छापणाऱ्या फ्लेक्स आणि इको-सॉल्व्हंट मशीनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. तो थोडक्यात असा: "मशीन छापता छापता बंद पडलं की मेन बोर्ड (मशीनचं मुख्य सर्किट) गेला समजा. एसएमपीएसची (लाइनची वीज डीसीत बदलून बोर्डाला देणाऱ्या डब्याची) हिरवी लाइट लागते ना, मग एसएमपीएस ओके आहे. स्टॅबिलायझर असेल तर व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही. तरी त्रास असेल तर हीटरसकट सगळं मशीन यूपीएसवर टाका. एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप उडणारा स्विच) उडत असेल तर मोठा बसवा, अर्थिंगची वायर काढून बघा. बंद पडलं की लगेच चालू करा, हेड (शाई फवारणारा भाग) सुकायला नको."

यातलं "हेड सुकायला नको" एवढंच बरोबर आहे. बाकीच्या सल्ल्यांनी पैसे जातात, आणि त्यातले दोन तर जिवावर बेतणारे आहेत.

आधी मेन बोर्डाचं बघू. बोर्ड जातो तेव्हा बहुतेक वेळा एखादा रंग येत नाही, हेड फायर होत नाही किंवा मशीन सुरुवातीलाच अडकतं. जे मशीन दोन तास नीट छापतं, मग बंद पडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा नीट चालतं, त्यात आधी संशय घ्यायचा तो पॉवरचा. "बंद पडलं" म्हणजे नेमकं काय काय बंद पडलं, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. पॅनेल, पंखे, हीटर सगळं एकदम गेलं असेल तर दोष मेन लाइनच्या बाजूला: प्लग, एमसीबी, कॉन्टॅक्टर किंवा इमर्जन्सी स्विच. दहा फुटी मशीनला एकापेक्षा जास्त इमर्जन्सी स्विच असतात आणि ते एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातल्या एकाचा स्क्रू हादऱ्याने ढिला झाला तरी सगळं मशीन बसतं. हीटर गरम आहेत, पंखे फिरतायत, पण पॅनेल काळं आहे, तर एसएमपीएस बघा. पॅनेल चालू, कॅरेज (हेड इकडून तिकडे नेणारा भाग) मात्र जागच्या जागी आणि सर्व्हो ड्राइव्हवर (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर) लाल लाइट, तर मोटर, ड्राइव्ह किंवा एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर). आणि मशीन पूर्ण चालू असून फक्त सॉफ्टवेअर ऑफलाइन दाखवत असेल, तर कॉम्प्युटर स्लीपला गेला आहे का, यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब आहे का, हे तपासा. तिथे बोर्ड बदलून काहीच हाती लागणार नाही.

एक खूण हमखास दुर्लक्षित राहते. कॅरेज दर वेळी एकाच जागी आल्यावर मशीन बसतं, म्हणजे कॅरेजबरोबर हलणाऱ्या केबल चेनमधली वायर आतून तुटलेली असण्याची शक्यता मोठी. वरचं आवरण शाबूत असतं, आतली तार तुटलेली असते. वाकली की सुटते, सरळ झाली की चिकटते. मेन स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा, संशय असलेल्या वायरची दोन्ही टोकं सोडवा, मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि कॅरेज हाताने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. बझर ज्या जागी तुटेल तिथेच दोष आहे. हेडच्या फ्लॅट केबलच्या टोकाला शाई उतरली आहे का, तेही त्याच वेळी बघा. ही केबल मशीन चालू असताना कधीही काढू-घालू नये. खरा बोर्ड आणि खरं हेड अशा वेळीच जळतं.

आता हिरवी लाइट. ती लाइट लागायला काही मिलिअँपिअर पुरतात. आउटपुटला व्होल्टेज आहे एवढंच ती सांगते. लोड आल्यावर ते टिकतं का, हे तिला कळत नाही. म्हणून मोजायचं ते मशीन पूर्ण स्पीडने छापत असताना. मीटर डीसीवर ठेवा, शक्यतो मिन-मॅक्स असलेला मीटर घ्या, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरच्या आकड्यात दिसत नाही. २४ व्होल्टच्या लाइनवर रिकामं मशीन आणि छापणारं मशीन यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर कारण शोधायलाच हवं. ५ व्होल्टची लाइन ४.७५ च्या खाली जाता कामा नये, आणि ती मोजायची बोर्डाच्या कनेक्टरवर. एसएमपीएसच्या टर्मिनलवर ५.० आणि बोर्डावर ४.७ येत असेल तर एसएमपीएस चांगला आहे; मधली वायर, लग किंवा काळवंडलेला कनेक्टर बदला.

बंद पडल्यावर एसएमपीएस परत कसा येतो, यावरूनही बरंच कळतं. पंधरा-वीस मिनिटं थंड झाल्यावर आपोआप आला तर तो तापून बंद झाला होता. बरेच एसएमपीएस पूर्ण लोड साधारण ५० अंशांपर्यंतच देतात. ७० अंशांना त्यांची ताकद निम्म्यावर येते. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात, मग शाईची वाफ आणि धूळ बसून पंखा चोंदलेल्या बंद कप्प्यात किती होत असतील याचा विचार करा. लाइट सेकंदा-सेकंदाला लागून विझत असेल तर पुढे कुठे तरी शॉर्ट किंवा ओव्हरलोड आहे. मशीन बंद करून एकेक लोड सोडवा, चालू करून बघा, ज्याच्या सुटण्याने लाइट स्थिर होते तो दोषी. मेन स्विच बंद-चालू केल्याशिवाय आउटपुट येतच नसेल तर बऱ्याचदा ओव्हर-व्होल्टेजचं संरक्षण पडलेलं असतं; कोणी तरी "जरा पॉवर वाढवू" म्हणून एसएमपीएसवरचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू फिरवलेला असतो. त्या स्क्रूला अंदाजाने हात लावू नका.

एसएमपीएस बदलताना व्होल्ट आणि वॅट दोन्ही जुळवा. २४ व्होल्ट १४.६ अँपिअर म्हणजे ३५० वॅट. बाजूला ११५/२३० चा सरकता स्विच असेल तर वायर जोडण्याआधी तो २३० वर आहे ना, बघा. ११५ वर राहिला तर पहिल्याच चालू करण्यात कपॅसिटर फुटतो. आणि जुना एसएमपीएस उघडून आत बोट घालू नका. आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसीच्या आसपास असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते काही वेळ टिकतात.

"स्टॅबिलायझर आहे, मग व्होल्टेजचा प्रश्न नाही." उलट स्टॅबिलायझरच कारण असू शकतो. स्वस्त स्टॅबिलायझर रिलेचा असतो. व्होल्टेज वर-खाली झालं की तो टक् आवाज करून टॅप बदलतो आणि त्या क्षणी काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. नवा एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण २० मिलिसेकंद तग धरतो. कपॅसिटर सुकलेला जुना तेवढा धरत नाही. टक् आवाज आणि मशीन बंद, हे दोन्ही बरोबर होत असेल तर उत्तर तिथेच आहे. सर्व्हो स्टॅबिलायझर असा तोडत नाही, पण ढिल्या न्यूट्रलपुढे तोही हतबल असतो. थ्री-फेज कनेक्शनमध्ये न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकतं. मीटरपेटीतला तो जोड परवानाधारक वायरमनकडूनच घट्ट करून घ्या. पुरवठा २३० च्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मध्ये असायला हवा, आणि तो मोजायचा मशीनच्या टर्मिनलवर, सगळे हीटर चालू ठेवून. मीटरपेटीत २३० आणि मशीनवर २१० येत असेल तर मधली वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे.

हीटर यूपीएसवर टाकण्याचा हिशेब साधा आहे. पुढचे-मागचे हीटर आणि ड्रायर मिळून ३,००० वॅट धरले तर १३ अँपिअर झाले. ३ केव्हीएचा यूपीएस ०.८ पॉवर फॅक्टरने २,४०० वॅट देतो. तो ओव्हरलोड होऊन स्वतःच बंद पडणार आणि दोष मशीनच्या माथी येणार. बऱ्याच मशीनला प्रिंटिंगची आणि हीटिंगची अशा दोन वेगळ्या पॉवर केबल असतात. त्याचा उपयोग करा. हीटर वेगळ्या एमसीबीवरून थेट लाइनवर, आणि बोर्ड, सर्व्हो, कॉम्प्युटर ऑनलाइन यूपीएसवर (लाइट जाताना क्षणभरही पुरवठा न तोडणाऱ्या). कॉम्प्युटर आणि मशीन एकाच यूपीएसवर, एकाच अर्थवर हवेत. नाहीतर दोन अर्थमधला फरक यूएसबी केबलमधून वाहतो. लाइट गेल्यावर चालू पास संपवून हेड कॅपवर (हेड सुकू नये म्हणून त्याला लागणाऱ्या झाकणावर) नेण्याइतका, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा बॅकअप पुरे.

मोठा एमसीबी बसवायचा आणि अर्थिंग काढायची, हा सल्ला पुढे पाठवणाऱ्याने एकदा थांबून विचार करावा. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला तर आधी वायर तापेल, आणि खोलीत सॉल्व्हंटची वाफ व फ्लेक्सचे रोल असतात. एमसीबी हाताला गरम लागत असेल तर बहुधा टर्मिनल ढिलं आहे. मेन बंद करून ते आवळा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे होणारी गळती ओळखून उडणारा स्विच) उडत असेल तर गळती शोधा. एसएमपीएस वगैरेंमधल्या सगळ्या फिल्टरची मिळून थोडी गळती कायम असते, त्यात एखाद्या हीटरची भर पडली की मर्यादा ओलांडते. हीटर एकेक सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) बॉडीशी तपासा. १ मेगाओहमच्या खाली गेलेला हीटर वापरू नका. कोकणात पावसाळ्यात काही दिवस बंद राहिलेल्या मशीनचे नळीचे हीटर ओल धरतात, तेव्हा हे हमखास होतं.

अर्थिंग काढल्याने शॉक थांबत नाही, सुरू होतो. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या बॉडीवर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या त्याच्याच. शिवाय फ्लेक्सचा रोल उलगडताना स्थिर वीज तयार होते. तिला जमिनीत जायला वाट नसेल तर ती हेड आणि बोर्डातून जाते, आणि मग यूएसबी तुटणं, बोर्ड रीसेट होणं सुरू होतं. कोरड्या हवेत हे जास्त, म्हणून खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोडवर २-३ व्होल्टपेक्षा जास्त नको. अर्थचा रोध टेस्टरने मोजून ५ ओहमच्या आत आणा. पाइप अर्थिंग असेल तर पाइप निदान २.५ मीटर खोल हवा, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

लगेच चालू करण्याची घाई हेडवरच उलटू शकते. मशीन मीडियावर थांबलं असेल आणि हीटरने फ्लेक्स फुगलं असेल, तर चालू होताना कॅरेज हेड त्यावरून घासत नेते. आधी मोबाइलवर सगळ्या लाइटचा आणि ड्राइव्हच्या कोडचा फोटो काढा. स्विच बंद केला की तो पुरावा जातो. मग मेन बंद करा, मीडिया मोकळा करा आणि कॅरेज हाताने हळू कॅपकडे न्या. जोरात ढकललं तर मोटर जनरेटरसारखी वागते आणि उलट व्होल्टेज ड्राइव्हमध्ये जातं. कॅप मोटरने वर येणारी असेल तर पॉवरशिवाय ती हेडला लागणार नाही. अशा वेळी त्याच शाईच्या क्लीनिंग लिक्विडमध्ये भिजवलेलं, तंतू न सुटणारं कापड हेडखाली ठेवा. पाणी चालणार नाही. मग तपासणीला निवांत अर्धा तास मिळतो.

एवढं करूनही, बंद पडण्याच्या क्षणी बोर्डाच्या कनेक्टरवर सगळी व्होल्टेज मिन-मॅक्समध्ये स्थिर दिसली, चेनमधली वायर तपासून झाली, कप्पा थंड आहे, बोर्डावरचा फ्यूज शाबूत आहे, तर मात्र बोर्डावर संशय घ्या. इंजिनिअरला फोन करताना "मशीन बंद पडतं" एवढंच सांगू नका. किती वाजता, कॅरेज कुठे असताना, हीटर चालू होते का, लाइनवर किती व्होल्ट होते आणि परत कसं चालू झालं, हे लिहून ठेवा आणि फोटो पाठवा.